पतनाची जाणीव

मराठी भाषा भाराविषयीं दोन तोंडांनीं बोलते. संसाराचा भार, कर्जाचें ओझें, मनावरचें दडपण अशी तिची तक्रार सारखी चालू असते, आणि यांतलें एखादें ओझें उतरलें म्हणजे ‘हलकें वाटलें’ असें म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतों. पण त्याच भाषेंत ज्याचें म्हणणें लोक मानतात त्याच्या शब्दाला ‘वजन’ असतें. पोक्त मनुष्य ‘भारदस्त’ असतो. ज्याच्या पायाशीं बसून विद्या शिकावयाची तो ‘गुरु’, म्हणजे मूळ अर्थीं जड, आणि त्याला द्यावयाचा मान तो ‘गौरव’, म्हणजे पुन्हां जडपणाच. उलट, कोणाच्याही सांगण्यानें फिरणारा तो ‘हलक्या कानाचा’, आणि हीन वृत्तीचा तो नुसताच ‘हलका’. बंधन नकोसें वाटणें आणि बंधन नसलेल्या मनुष्याविषयीं अविश्वास वाटणें हीं दोन्ही एकाच मनांत सुखानें नांदत असतात, त्याचेंच हें प्रतिबिंब आहे. तेव्हां भार नाहींसा झाला म्हणजे मनुष्य मोकळा होतो काय, हा प्रश्न एकदां नीट तपासून पाहण्यासारखा आहे.

शतकानुशतकें हा प्रश्न केवळ रूपकानेंच विचारतां येत असे. कारण ज्याचा भार सर्वस्वीं गेला आहे असा मनुष्य घटकाभरही कोणीं पाहिला नव्हता. १२ एप्रिल १९६१ रोजीं युरी गागारिन यानें १०८ मिनिटांच्या प्रवासांत पृथ्वीला एक प्रदक्षिणा घातली, आणि रूपक प्रत्यक्षांत आलें. पुढें आपल्याकडील राकेश शर्मा यांनीं १९८४ सालीं व शुभांशु शुक्ला यांनीं २०२५ सालीं ही स्थिति अनुभविली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकांत तर नोव्हेंबर २००० पासून मनुष्याची वस्ती अखंड चालू आहे. तेथें माणसें भिंतींवर झोपतात, पाण्याचे गोळे हवेंत डुलतात, आणि हातांतून सुटलेली लेखणी जेथल्या तेथें राहते. हें पाहून कोणालाही वाटावें कीं, पृथ्वीनें आपली पकड सोडली आणि मनुष्य एकदांचा सुटला.

परंतु येथेंच पहिली अडचण उभी राहते. पुष्कळ सुशिक्षितांचीही अशी समजूत असते कीं, इतक्या उंचीवर पृथ्वीचें आकर्षण पोंचत नाहीं, म्हणून तेथें वस्तु तरंगतात. ही समजूत साफ चुकीची आहे. हें स्थानक भूपृष्ठापासून अवघें सुमारें ४०० किलोमीटर उंच आहे, आणि पृथ्वीची त्रिज्याच सुमारें ६,३७० किलोमीटर आहे. तेवढ्या उंचीचा एखादा मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर ६० किलो वजनाचा गृहस्थ उभा केला, तर तो तेथेंही ५३ किलो भरेल. याचा अर्थ असा कीं, पृथ्वीची ओढ तेथें जवळजवळ नऊ-दशांश शिल्लक आहे. मग मनोऱ्यावरच्या गृहस्थाला जो भार वाटेल तो त्याच उंचीवरून जाणाऱ्या यानांतल्या प्रवाशाला कां वाटूं नये? उत्तर एकच आहे: मनोऱ्यावरचा गृहस्थ उभा आहे, आणि यानांतला प्रवासी पडत आहे.

हें पडणें कसें असतें तें न्यूटननें आपल्या एका ग्रंथांत दाखविलें आहे. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७२८ सालीं छापला गेला. उंच डोंगराच्या शिखरावरून तोफेचा गोळा आडवा उडविला, तर तो कांहीं अंतरावर जमिनीवर पडेल. वेग वाढवावा तसतसा तो अधिक दूर पडेल. आणि शेवटीं एक वेग असा येईल कीं, गोळा जितका खालीं येतो तितकीच पृथ्वीची गोलाईही त्याच्याखालून वळून जाते. असा गोळा सदैव पडत राहतो आणि कधींच पोंचत नाहीं. स्थानकाची स्थिति नेमकी हीच आहे. तें दर सेकंदास सुमारें साडेसात किलोमीटरांहून अधिक पुढें जातें, आणि त्याच सेकंदांत सुमारें ४.३ मीटर पृथ्वीकडे पडतें. दीड तासाच्या थोड्या वर काळांत त्याची एक प्रदक्षिणा होते. आणि त्या साऱ्या प्रदक्षिणेंत क्षणभरही त्याचें पडणें थांबलेलें नसतें.

भास्कराचार्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणी’ या आपल्या शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, पृथ्वीच्या ठायीं आकर्षणशक्ति असून ती जड पदार्थ आपल्याकडे ओढून घेते, आणि तो पदार्थ पडत आहे असें आपणांस भासतें. पडणें हा एक भास आहे, ओढलें जाणें हें सत्य आहे, असा हा विचार आहे. अंतराळयानांत या भासाचाही लोप होतो. ओढलें जाणें चालूच असतें, मात्र तें भासत नाहीं. कारण मनुष्य, त्याची लेखणी, त्याच्या भोंवतालची हवा, भिंती आणि ज्याला तो जमीन म्हणतो ती फळी, हीं सर्व एकाच मापानें पडत असतात. १९०७ सालीं बर्न येथील पेटंट-कचेरींत काम करीत असतां आइन्स्टाइनच्या मनांत हाच विचार आला कीं, छपरावरून पडणाऱ्या मनुष्याला पडत असेपर्यंत आपलें वजन जाणवणार नाहीं. पुढें त्यानें हा आपल्या आयुष्यांतील सर्वांत सुखाचा विचार म्हणून सांगितला आहे.

यावरून भाराविषयीं एक गोष्ट निष्पन्न होते. ज्याला आपण भार म्हणतों ती पृथ्वीच्या ओढीची जाणीव मुळीं नव्हेच. ती जमिनीच्या विरोधाची जाणीव आहे. पायांखालची भूमि आपणांस खालीं जाऊं देत नाहीं, ती उलट वर रेटते, आणि तो रेटा आपण ‘वजन’ या नांवानें ओळखतों. आधार आहे म्हणून भार आहे. आधार काढून घेतला कीं भार नाहींसा होतो, आणि त्याच क्षणीं पतन सुरू होतें. हा नियम विटेला आणि दगडाला लागू आहे इतकेंच नव्हे, तर संसारांतही याचा पडताळा पुष्कळ येतो. घरांतील वडीलधाऱ्यांचा धाक, दिलेल्या शब्दाची बोच, चार माणसांची भीड, हीं सर्व ओझींच वाटतात. आणि तीं नाहींशीं झाल्यावर जें सुख वाटतें तें खरें असतें. मात्र तें सुख वर चढण्याचें आहे कीं आधार सुटल्याचें आहे, हें त्या सुखावरून कळत नाहीं. दोन्ही अवस्थांत मनुष्याला हलकेंच वाटतें.

आतां भार गेल्यावर वस्तु कशा वागतात तें पाहूं. पहिली गोष्ट ही कीं, भार जातो पण जडत्व जात नाहीं. पृथ्वीवर जी पेटी चार माणसांनीं उचलावयाची ती तेथें एका बोटानें ढकलतां येते. परंतु एकदां चालूं लागलेली ती पेटी एका बोटानें थांबवितां येत नाहीं. ती भिंतीवर जाऊन आदळली तर तिच्या जडत्वाच्या मानानेंच आदळते, आणि मध्यें कोणाचा हात सांपडला तर तो चिरडतो. तेथें कोणतीही वस्तु आपण होऊन खालीं बसत नाहीं. म्हणून जें एकदां हललें तें कोणीं तरी आवरीपर्यंत हलतच राहतें. नवख्या प्रवाशाला हें शिकावयास कांहीं दिवस लागतात कीं, तेथें जोर लावणें सोपें आहे, आवरणें कठीण आहे. जेथें अडविणारें कोणी नाहीं तेथें कृति स्वस्त होते, पण तिचा परिणाम स्वस्त होत नाहीं. ज्याच्या हातीं अकस्मात् पैसा किंवा अधिकार येतो त्याला हीच गोष्ट शिकावी लागते, आणि पुष्कळ वेळां ती दुसऱ्या कोणाचा हात चिरडल्यावरच तो शिकतो.

दुसरी गोष्ट, वस्तूचा जो स्वभाव एरव्हीं भाराखालीं झांकलेला असतो तो तेथें उघडा होतो. १९८५ सालीं साल्यूत-७ या स्थानकावर व्लादिमीर जानिबेकोव्ह हा अंतराळवीर सामान सोडवीत होता. दोन पाखांचा एक नट त्यानें गरगर फिरवून आट्यांवरून सोडला. नट फिरत फिरत सरळ पुढें गेला, कांहीं अंतरावर त्यानें आपण होऊन कोलांटी घेतली आणि तो उलट तोंडानें फिरूं लागला. आणखी पुढें जाऊन तो पुन्हां पूर्ववत् झाला. आणि हा क्रम ठराविक काळानें चालू राहिला. त्यावर कोणतेंही नवें बल काम करीत नव्हतें. ज्या पदार्थाचे तीन अक्ष परस्परांहून भिन्न असतात, त्याचें मधल्या अक्षाभोंवतींचें भ्रमण अस्थिर असतें, हें अठराव्या शतकांत ऑयलरनें मांडलेल्या समीकरणांतूनच निघतें. तो चंचलपणा नटाच्या घडणींत पहिल्यापासून होता. पृथ्वीवर तो दिसण्याइतका वेळ नट मोकळा राहत नाहीं, इतकेंच. मनुष्याविषयींही असेंच म्हणावें लागेल. स्वातंत्र्य त्याला नवा स्वभाव देत नाहीं. असलेल्या स्वभावाला वेळ देतें.

तिसरी गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. भारहीन मनुष्यानें मळसूत्र पिळूं म्हटलें, तर मळसूत्राऐवजीं तोच उलट दिशेनें फिरूं लागतो. कारण त्याचे पाय कशालाच टेकलेले नसतात. म्हणून स्थानकाच्या भिंतींवर जागोजाग दांडे बसविलेले असतात, आणि कामाला लागण्यापूर्वीं प्रत्येकजण आपलीं पावलें त्या दांड्यांखालीं अडकवितो. झोपावयाचें तर पिशवी भिंतीला बांधावी लागते. पृथ्वीवर उच्छ्वासाची ऊन हवा हलकी म्हणून वर निघून जाते. तेथें वर-खालीं हा भेदच नसल्यामुळें ती तोंडापाशींच साचूं शकते, म्हणून पंख्यांनीं हवा सारखी वाहती ठेवावी लागते. हाडांना भार मिळाला नाहीं म्हणजे तीं झिजतात; व्यायाम न केल्यास कांहीं हाडांचें द्रव्य महिन्याला शेंकडा एक या मानानें किंवा त्याहून अधिकही घटतें, म्हणून रोज सुमारें दोन तास पट्ट्यांनीं शरीर ओढून धरून चालावें व धांवावें लागतें. सारांश, जेथें निसर्गानें भार काढून घेतला तेथें मनुष्यानें पहिलें काम केलें तें हें कीं, तो भार कृत्रिम रीतीनें पुन्हां निर्माण केला. ज्याला कांहीं करावयाचेंच नाहीं त्याला तरंगणें पुरतें. ज्याला काम करावयाचें आहे त्याला पाय अडकविण्यास जागा लागते.

येथवर एकट्या मनुष्याचा विचार झाला. परंतु या विषयांतील गंभीर भाग समाजाविषयींचा आहे. सर्वच वस्तु बरोबर पडत असतां पतन जाणवत नाहीं, हा नियम नीतीच्या प्रांतांत लावून पाहिला म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडील ब्राह्मण घरांत दहा-बारा वर्षांची मुलगी विधवा झाली म्हणजे यथाकाल तिचें केशवपन करून तिला माजघराच्या अंधारांत बसविणारा बाप हा दुष्ट नव्हता. तो देवभीरु होता, मुलीवर त्याचें प्रेमही होतें. त्याचे भाऊबंद, शेजारी, भटजी, स्वतः त्या मुलीची आई, सर्व त्याच मापानें वागत होते. त्याच्या हातांतून सुटलेली लेखणी त्याच्या शेजारींच तरंगत होती. आपण पडत आहों असें त्याला कोणत्या खुणेवरून वाटावें? अपराध एकट्यानें केला तर तो टोंचतो. सर्वांनीं मिळून केला म्हणजे त्याला रीत म्हणतात. आज आपण त्या बापाला नांवें ठेवतों. परंतु आपल्या घरांत आज असें काय आहे कीं ज्याच्यासाठीं आपलीं नातवंडें आपल्याला नांवें ठेवतील, असा प्रश्न विचारला तर आपणांसही सर्व कांहीं स्वस्थ व स्थिरच दिसतें. तें स्थिर दिसणें हाच भीतीचा विषय आहे.

यावर कोणी असें म्हणेल कीं, खिडकी नसलेल्या खोलींत पडणें आणि स्थिर तरंगणें यांत जर कोणत्याही प्रयोगानें भेद करतां येत नाहीं, तर तो भेद मानावयाचाच कशाला? ज्या काळीं जी रीत ती त्या काळचा धर्म. नंतरच्या लोकांनीं बाहेरून पाहून त्याला पतन म्हणणें हा केवळ दृष्टिभेद होय. हा आक्षेप वाटतो तितका पोकळ नाहीं, आणि त्याला पदार्थविज्ञानाचा आधार आहे असें सांगणारेही भेटतात. पण तो आधार पुरता पाहिला पाहिजे. आइन्स्टाइनचा नियम लहान जागेपुरता व थोड्या वेळापुरताच खरा आहे. समजा, यानाच्या बरोबर गुरुत्वमध्यावर एक गोळी अलगद सोडली, आणि दुसरी तिच्यापासून दोन हात बाजूला, कक्षेच्या पातळीबाहेर सोडली. दोन्ही गोळ्या पृथ्वीच्या एकाच केंद्राकडे ओढल्या जात असल्या तरी त्यांचे मार्ग परस्परांस किंचित् तिरपे असतात. म्हणून बाजूची गोळी हळूहळू पहिलीकडे सरकूं लागते, व सुमारें तेवीस मिनिटांत तिच्यापर्यंत येऊन पोंचते. पृथ्वीच्या बाजूस सोडलेली गोळी पुढें निघून जाते, उलट बाजूस सोडलेली मागें पडते. तेव्हां खिडकी नसली तरी, जो धीर धरून पाहील त्याला ती खोलीच सांगते कीं, आपण मोकळ्या आकाशांत स्थिर नाहीं, कशाच्या तरी भोंवतीं पडत आहों. मात्र यांत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक, मध्यावरची गोळी कधींच हलत नाहीं. हलतात त्या कडेच्या. आणि दुसरी, पंख्यांच्या झुळुकींत ही सूक्ष्म हालचाल पार बुडून जाते. ती पाहावयाची तर वारा बंद करावा लागतो.

समाजाच्या मध्यभागीं ज्याचें आसन आहे त्याला सर्व स्थिर दिसतें याचें कारण हेंच आहे. १८८८ सालीं आगरकरांनीं ‘सुधारक’ काढला आणि १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं पुनर्विवाह करून गांवाचा बहिष्कार पतकरला, तेव्हां या मंडळींना इंग्रजी विद्येच्या खिडकींतून बाहेरचें दिसलें होतें, असें म्हणतां येईल. पण त्याच्याही आधीं, १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं सुरतेच्या एका विधवेच्या खटल्याच्या निमित्तानें ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. त्यांना परक्या देशाची साक्ष काढावी लागली नाहीं. खोलीच्या कडेला सोडलेल्या गोळीला जें कळतें तें त्यांना कळत होतें. म्हणून एखाद्या काळाची नीति तपासावयाची असेल, तर त्या काळच्या प्रतिष्ठितांच्या मनःशांतीवरून ती तपासूं नये. घरांतल्या धाकट्या सुनेला, मोलकरणीला, वेशीबाहेर ठेवलेल्याला काय वाटत होतें तें विचारावें. आणि तें ऐकूं यावयास हवें असेल तर स्वतःच्या स्तुतीचा पंखा घटकाभर बंद ठेवावा.

आणखी एक आक्षेप राहतो. स्थानक पडतें खरें, पण पोंचत तर नाहीं. मग अशा पतनानें बिघडतें काय? याचें उत्तर ११ जुलै १९७९ रोजीं मिळालें. त्या दिवशीं ‘स्कायलॅब’ हें अमेरिकन स्थानक खालीं कोसळलें, आणि त्याचे तुकडे हिंदी महासागरांत व पश्चिम ऑस्ट्रेलियांत विखुरले. त्यापूर्वीं कित्येक दिवस आपल्याकडेही लोकांनीं धास्तीनें आकाशाकडे पाहिलें होतें. इतक्या उंचीवरही हवेचा अति विरळ अंश असतो, आणि तो यानाचा वेग सतत कुरतडीत असतो. म्हणून आंतरराष्ट्रीय स्थानकाला मधून मधून एंजिनें चालवून वर उचलावें लागतें. त्या वेळीं आंत एक मौजेची गोष्ट घडते. तोंपर्यंत स्वस्थ तरंगणाऱ्या वस्तु आणि माणसें हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकतात व तिला टेकतात. क्षीण असा, पण खरा, भार परत येतो. महिनोन्‌महिने चाललेल्या पतनांत जो जाणवला नाहीं तो भार वर चढूं लागतांच जाणवतो.

येथें घाईनें उलटें अनुमानही काढूं नये. परतणारी कुपी वातावरणांत शिरते तेव्हां प्रवाशांना आपल्या वजनाच्या चौपटीच्या आसपास भार सोसावा लागतो, आणि ते तर उतरत असतात. तेव्हां जाच वाटला म्हणजे आपण चढतच आहों असें समजणारा मनुष्य आपली तितकीच फसवणूक करून घेतो; कष्ट हें पुण्याचें माप नव्हे. भार इतकेंच सांगतो कीं, आपल्याला कशाचा तरी स्पर्श झाला आहे: पायांखालच्या जमिनीचा, पाठीमागून रेटणाऱ्या प्रयत्नाचा, किंवा वाटेंत आडव्या आलेल्या सत्याचा. हलकेपणा तेवढेंही सांगत नाहीं. म्हणून दोहोंपैकीं एकाच साक्षीदाराला बोलवावयाचें झालें तर भाराला बोलवावें.

सहा महिने स्थानकांत राहून परतलेल्या प्रवाशाला कुपींतून बाहेर येतांना दुसऱ्यांनीं हात द्यावा लागतो. त्याला मान जड वाटते, हात उचलणें जड वाटतें, आणि कांहीं दिवस नीट चालतां येत नाहीं. जो भार तो जन्मापासून वाहत आला होता तोच त्याला आतां परका व असह्य वाटतो. कोणीही वैद्य त्याला यावर पुन्हां वर जाण्याचा उपाय सांगत नाहीं. त्यानें उभें राहावयाचें, पावलें टाकावयाचीं, आणि त्या नकोशा भाराखालीं आपलीं हाडें सावकाश पुन्हां बळावूं द्यावयाचीं.